दोन बोटं काच

सकाळी सव्वासातला गाडी फाटकाबाहेर पडली की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आप्पा उभे राहत आणि हात हलवत. खालून मागच्या सीटवरची त्यांची नात भिंगरी हात हलवी, आणि पुढे बसलेला तिचा बाप काचेतून वर बघून अदबीने मान तुकवी. इतका मर्यादशील मुलगा या इमारतीत दुसरा नाही, असं शेजारीपाजारी म्हणत. मग गाडी कोपऱ्यावर वळे, गॅलरी नजरेआड होई, आणि भिंगरी ऐटीत जाहीर करी, "वळण गेलं, बाबा."

मग बाबा सिगारेट पेटवी.

हा त्या दोघांचा खेळ होता. भिंगरीकडे दोन कामं होती. एक, वळण सांगायचं. दुसरं, पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी सांभाळायची. सिगारेट संपली की मागून डबी पुढे येई. बाप एक गोळी तोंडात टाकी, एक तिला देई. बापाच्या बाजूची काच नेमकी दोन बोटं खाली असे. जास्त नाही, कारण पुढच्या चौकात केस कापणाऱ्याचं दुकान होतं आणि तो आप्पांचा जुना दोस्त. त्याला धूर दिसला असता तर बातमी दुपारच्या चहाआधी गॅलरीत पोचली असती. दोन बोटं काच उघडी असली की धूर बाहेर जातो, पोरीला काही होत नाही, असा बापाचा समज होता. हा समज त्याने कधी कुणाला विचारून पाहिला नव्हता. विचारलं असतं तर तो मोडला असता, आणि मोडलेला त्याला परवडणार नव्हता.

हा बाप गाड्यांच्या सीटा शिवायचा. गिऱ्हाइकं त्याला 'सीटवाले' म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. दुकान आप्पांनी काढलेलं. चाळीस वर्षं त्यांनी रेक्झिन कापलं, फोम भरला, आणि हात थरथरायला लागल्यावर कात्री मुलाच्या हातात देऊन गॅलरीतली खुर्ची धरली. भिंगरी आठ वर्षांची. शाळेत तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे, कारण ही मुलगी बसल्या जागीही फिरत असायची.

सीटवाला सतरा वर्षांचा असताना आप्पांना त्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं होतं. आप्पा ओरडले नाहीत, हात उगारला नाही. दोन महिने बोलले नाहीत. आणि बोलले तेव्हा एकच वाक्य बोलले, "माझ्यासमोर हे पुन्हा दिसता कामा नये." मुलाने ते वाक्य अक्षरशः पाळलं. एकवीस वर्षांत आप्पांसमोर ते एकदाही दिसलं नाही. दुकानात ओढायची सोय नव्हती, तिथे फोम आणि चिकटवायचं सोल्युशन. एक ठिणगी पडली असती तर दुकानासकट गल्ली गेली असती. रस्त्यावर ओढायची नाही, सगळा रस्ता आप्पांच्या ओळखीचा. गॅलरीत तर खुद्द आप्पाच. राहिल्या दोन जागा, बेडरूम आणि गाडी. बेडरूममध्ये बायको झोपत होती आणि गाडीत मुलगी बसत होती. बापाचा मान राखताना धूर कुणाच्या वाट्याला जातोय, हे त्या मर्यादशील मुलाने कधी वळून पाहिलं नाही.

बायकोने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे पाहिलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांना स्पष्ट दिसावं याची काळजी घेण्यात तिचा दिवस जाई. घरी आली की ती बेडरूमच्या दाराच्या फटीला ओला टॉवेल लावी आणि नंतर अत्तराचा फवारा मारी. "आप्पांना कळलं तर त्यांना सोसायचं नाही हो," एवढंच ती म्हणे. सोडा असं ती दोनदा म्हणाली होती. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

त्या मंगळवारी भिंगरी सकाळपासून खोकत होती. "काथ्याचे केस गेले वाटतं घशात," सीटवाला आरशात बघत म्हणाला. काथ्या म्हणजे त्यांचा बोका. दुकानात जुन्या सीटांतून निघालेल्या काथ्याच्या ढिगात तो पिल्लू असताना सापडला होता आणि रंगानेही काथ्यासारखाच होता. रात्री तो भिंगरीच्या पायांशी झोपे आणि सकाळी तिच्या युनिफॉर्मवर आपली सही ठेवून जाई.

"काथ्या नाही काही," भिंगरी म्हणाली. आणि खोकली. आणि डबी पुढे केली.

तिला शाळेत सोडून तो दुकानात आला तर एक टापटीप गृहस्थ गाडी घेऊन उभे. छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबत होतं.

"किती वर्षं ओढताय?" सीटवाल्याने वर बघितल्या बघितल्या विचारलं.

"कोण, मी? छे हो. आपल्या गाडीत कुणी नाही ओढत."

सीटवाला या घडीची वाटच बघत असे. त्याने पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि छतावरून एकदा, सावकाश, फिरवलं. फडकं गृहस्थांच्या नाकासमोर धरलं. त्यावर कडक चहा सांडावा तसा पिवळा-तपकिरी पट्टा उमटला होता.

"साहेब, माणूस खोटं बोलतो, वास अत्तराने झाकता येतो," तो म्हणाला, "पण छत खोटं बोलत नाही."

गृहस्थ ओशाळं हसले. "म्हणजे कधीतरी... एखादी. काच उघडून."

"सगळे काच उघडूनच ओढतात," सीटवाला म्हणाला, आणि शेजारच्या बॅटरीवाल्याकडे बघून डोळा मारला. बॅटरीवाला हसला. हा विनोद त्या गल्लीत जुना होता आणि दर वेळी चाले. मागच्या सीटवर एक तान्ह्या बाळाची खुर्ची पट्ट्याने बांधलेली होती. सीटवाल्याने ती सोडली, नीट बाजूला ठेवली आणि कामाला लागला. आपली गाडी दहा पावलांवर उभी होती. तिच्या छताकडे त्याची नजर गेली नाही.

अकरा वाजता शाळेतून फोन आला. कवायत करताना मुलीला धाप लागली होती, ती थांबत नव्हती.

इस्पितळात तो पोचला तेव्हा भिंगरी पलंगावर बसलेली होती, तोंडावर वाफेच्या मशीनचा मास्क, दोन्ही खांदे दर श्वासाला कानांपर्यंत वर जात होते. श्वास ही गोष्ट अशी ओढून काढावी लागते, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. बायको चष्म्याच्या दुकानातून तशीच धावत आली होती, हातात काच पुसायचं फडकं. मागोमाग आप्पा टॅक्सीने आले, चपला उलटसुलट घालून.

डॉक्टरबाई वयाने तरुण होत्या आणि बोलायला सरळ. तासाभराने श्वास जरा सुरळीत झाल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आधी कधी झालंय? सर्दी? घराण्यात कुणाला दमा? मग कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

आप्पा पुढे सरसावले.

"आमच्या घरात?" आप्पा म्हणाले. "नाही हो बाई. आमच्याकडे तो प्रकारच नाही."

डॉक्टरबाईंनी नजर उचलून बापाकडे पाहिलं. ही एक घडी होती. ती पकडली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला ती लिहायचं कारण उरलं नसतं. सीटवाल्याने आप्पांकडे पाहिलं, त्यांच्या उलट्या चपलांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

बायकोने पर्स उघडली, आत काहीतरी शोधायला लागली आणि बराच वेळ शोधत राहिली.

"मग दुसरं काही? पाळीव जनावर?"

"मांजर आहे," सीटवाला म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच ऐकू आलं. "पोरीच्या अंथरुणातच झोपतो."

"काही महिने दूर ठेवून बघा. कधी कधी त्याने होतं."

मास्कच्या आतून भिंगरी बापाकडे बघत होती. तिला वळणापलीकडच्या गोष्टी वळणाअलीकडे बोलायच्या नसतात, हे चांगलं शिकवलेलं होतं.

शनिवारी काथ्या गेला. बायकोच्या दुकानातल्या एका मैत्रिणीला बैठं घर होतं, पुढे अंगण होतं. ती म्हणाली, राहू दे माझ्याकडे. सीटवाल्याने भाजीच्या पिशवीत बोक्याला घातलं. भिंगरी रडली नाही. तिने त्याची वाटी धुतली, पुसली आणि पिशवीत त्याच्याशेजारी ठेवली.

"काथ्या गेला की मी बरी होईन ना, बाबा?"

"होशील."

"मग परत येईल?"

"बघू."

मांजर देऊन घरी परतताना गाडीत एकटाच होता तेव्हा सीटवाल्याने एकापाठोपाठ दोन सिगारेटी ओढल्या. त्याला हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटतंय याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून दुसरी. आप्पांनी त्या दिवशी घरातल्या गाद्या गच्चीवर नेऊन स्वतः काठीने झोडल्या. "एक केस राहता कामा नये," म्हणाले. सत्तरीचा माणूस घाम पुसत गाद्या झोडत होता आणि मुलगा शेजारी उभा राहून त्या धरत होता.

त्यानंतर सीटवाल्याने नियम केले. भिंगरी गाडीत असताना ओढायची नाही, ती बसायच्या आधी ओढायची. बेडरूममध्ये खिडकीशी उभं राहून ओढायची. आपण किती बदललो, याचं त्याला कौतुकही वाटायचं. चाळीस वर्षांच्या धंद्याचा तो वारस. फोम एकदा धूर प्यायला की महिनोन्महिने सोडत नाही, हे तो गिऱ्हाइकांना शपथेवर सांगे. स्वतःच्या गाडीतला फोम काही वेगळा आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. भिंगरीचा खोकला थांबला नाही. पंप रोजचा झाला. ती जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायला लागली आणि थांबल्याचं कुणाला दिसू नये म्हणून तिथल्या पाट्या वाचायला लागली. आता तिला भिंगरी म्हणताना आप्पांचा आवाज जरा खाली येई.

दीड महिना झाला. शाळा सुटल्यावर तो तिला घेऊन निघाला होता आणि पुलावर गाड्या अडकल्या. पुढे काहीतरी आपटलं होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गिऱ्हाइकाशी सकाळीच वाजलेलं, एक सीट उलटी शिवली गेलेली, डोकं ठणकत होतं. त्याने आरशात पाहिलं. भिंगरी दप्तर पोटाशी धरून बसली होती.

"दोनच झुरके हं," तो म्हणाला. तिच्याकडे परवानगी मागितल्यासारखा.

दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिने पत्र्याची डबी काढली आणि तयार धरून ठेवली.

त्याने काच दोन बोटं खाली केली.

दोनाचे सहा झुरके झाले असतील. मागे डबी खाली पडल्याचा आवाज आला, गोळ्या पायाशी सांडल्या. तो वळला तर भिंगरीचे खांदे वर चढले होते आणि ओठ निळसर पडले होते. तिला बोलता येत नव्हतं. पंप दिला, पुन्हा दिला. चारी काचा उघडल्या, पण काचांबाहेर अडकलेल्या गाड्यांचाच धूर होता. शेवटी त्याने गाडी तिथेच टाकली, पोरीला उचललं आणि पुलाच्या कठड्याकडेने धावत सुटला. पूल संपतो तिथे एका माणसाने स्कूटर थांबवली आणि काही न विचारता दोघांना मागे बसवलं. त्या माणसाचं नावही सीटवाल्याने विचारलं नाही, आणि याचीही नंतर त्याला लाज वाटत राहिली.

डॉक्टरबाई त्याच होत्या. या वेळी तास नाही, तीन तास लागले. सुई लागली, ऑक्सिजनची नळी लागली. बायको आली, आप्पा आले. संध्याकाळचं ऊन पलंगावर तिरकं आलं तेव्हा भिंगरीने डोळे उघडले.

डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मोठ्यांकडे त्यांनी पाठच केली होती. "बाळ, मला सांग. मांजर गेलं ना घरातून?"

भिंगरीने मान हलवली.

"मग असं कशाने होतंय? कुणी सिगारेट ओढतं का गं तुझ्याजवळ? तुझ्या युनिफॉर्मला वास येतोय मला."

भिंगरीने मास्क हाताने बाजूला केला. एवढ्या कष्टाने ती काय सांगते म्हणून सगळे वाकले.

"नाही," ती म्हणाली. श्वास घेतला. "काथ्याचे केस... राहिलेत अजून. गाडीत." आणखी एक श्वास. "त्याच्यामुळेच होतं."

आणि तिने बापाकडे पाहिलं. बरोबर सांगितलं ना, असं विचारणारी ती नजर होती. वळण गेल्यावर ती आरशात बघायची, अगदी तशी.

आयुष्यात सीटवाल्याला पुष्कळदा लाज वाटली होती, पण ती पकडले जाण्याची. ही तशी नव्हती. आठ वर्षांची पोर श्वास नसताना उरलासुरला श्वास बापाचं खोटं सांभाळायला खर्च करत होती. आपल्या लाडक्या बोक्यावर आळ घेत होती. आणि हे तिला त्यानेच शिकवलं होतं, रोज सकाळी, पेपरमिंटची गोळी देऊन.

"मी ओढतो," तो म्हणाला.

आवाज फार लहान निघाला. डॉक्टरबाई वळल्या.

"मी ओढतो. रोज. गाडीत, ही मागे बसलेली असताना. काच दोन बोटं उघडी ठेवून. आजही ओढली. घरीही ओढतो, दार लावून." तो आप्पांकडे बघत नव्हता. "मांजराचं काही नव्हतं. ते मी... माझ्यावर येऊ नये म्हणून सांगितलं."

"मी टॉवेल लावायचे दाराला," बायको म्हणाली. तिने पर्स खाली ठेवली होती. "मलाही माहीत होतं, डॉक्टर. मीपण त्या दिवशी गप्प बसले."

हातातला कागद मिटून डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी दीड महिना भलतंच शोधत बसले. तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर ही आज या पलंगावर कदाचित नसती." त्यांनी आवाज चढवला नव्हता. "गाडी म्हणजे एवढीशी पेटी. तुम्ही दोन बोटं काच उघडता, थोडा धूर बाहेर जातो, बाकीचा वारा मागे ढकलतो. मागे कोण असतं? लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणजे तो धूरही जास्त घेतात. तुम्ही तिच्या आधी ओढली काय, खिडकीत ओढली काय, कापडात, गादीत, तुमच्या शर्टात तो राहतोच. कमी ओढून भागत नाही. घर आणि गाडी पूर्ण बंद. सोडायला मदत लागेल तर खाली विभाग आहे, आज नाव घाला."

"घालतो," तो म्हणाला.

आता आप्पांकडे बघणं भाग होतं. त्याने पाहिलं. आप्पा खिडकीपाशी उभे होते, आणि त्यांचा चेहरा संतापलेला नव्हता. तो उतरलेला होता.

"मला माहीत होतं," आप्पा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

"पहिल्यापासून. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांत वाकून काम केलं, मला वास कळत नाही होय रे? तुझ्या खोलीकडे यायचं झालं की मी आधी खोकायचो, आठवतंय? तुला विझवायला वेळ मिळावा म्हणून." त्यांनी खिडकीच्या चौकटीला हात टेकला. "मुलगा माझ्यासमोर ओढत नाही, केवढा मान ठेवतो, असं वाटायचं. बरं वाटायचं. तेव्हाही मी 'सोड' म्हणालोच नाही तुला. 'माझ्यासमोर नको' म्हणालो. आणि त्या दिवशी या बाईंना मीच आधी नाही म्हणून सांगितलं. तुझी अब्रू राखायला. म्हणजे माझीच."

दोघा पुरुषांनी एकवीस वर्षं एकमेकांचा मान राखला होता आणि त्याचं फळ मधल्या पलंगावर नळी लावून पडलं होतं.

भिंगरीला चार दिवसांनी घरी आणलं. पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर सीटवाल्याने पुलावरून ओढून आणलेली आपली गाडी आत घेतली. पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं. पुढच्या छतावरून फिरवलं, पिवळं झालं. मग तो मागे बसला, उजव्या कडेला, जिथे भिंगरी बसायची. तिच्या उंचीचं होण्यासाठी त्याला बराच वाकून बसावं लागलं. तिच्या डोक्यावरच्या छतावर त्याने फडकं फिरवलं आणि उलटून पाहिलं. पुढच्यापेक्षा मागचं जास्त काळं होतं.

तो बराच वेळ तसाच वाकून बसला. बॅटरीवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि या वेळी तो हसला नाही.

मग त्याने छताचं कापड उचकटलं. सीटा सोडवल्या, फोम काढला, सगळं फेकून दिलं, गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली. छताचं कापड तेवढं ठेवलं आणि दुकानाच्या भिंतीवर, गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीसमोर, चार खिळ्यांनी ठोकलं. मागच्या बाजूच्या काळ्या डागाखाली भिंगरीची उंची खडूने मांडली. लोक विचारत, हे कुणाच्या गाडीचं? "माझ्या," तो सांगे. "ही खूण माझ्या मुलीच्या डोक्याची." आणि छत खोटं बोलत नाही, हा विनोद त्याने पुन्हा केला नाही. त्याऐवजी तो गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायला लागला, "मागच्या सीटवर कोण बसतं?" काही लोक चिडले. एक-दोघं गाडी घेऊन दुसरीकडे गेले. ते टापटीप गृहस्थ एकदा सहज आले होते, ते त्या खडूच्या रेघेकडे बघत उभे राहिले आणि चहा न घेताच गेले.

सोडणं सोपं नव्हतं. दोनदा मोडलं. दोन्ही वेळा त्याने भर चौकात, केस कापणाऱ्याच्या दुकानासमोर, सगळ्यांना दिसेल असं उभं राहून सिगारेट ओढली आणि घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "उद्यापासून पुन्हा दिवस मोज." तिसऱ्यांदा मोडायची वेळ आली नाही.

भिंगरी शाळेत जायला लागली तो दिवस. नव्या सीटांचा वास येत होता. चारी काचा पूर्ण उघड्या. वर आप्पांनी हात हलवला, खालून तिने हलवला. गाडी कोपऱ्यावर वळली.

"वळण गेलं, बाबा," मागून आवाज आला. आणि डबी पुढे आली. गाडी उघडी केली तेव्हा सापडलेली डबी तिने नव्या गोळ्यांनी भरून घेतली होती.

सीटवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. त्याला मागे वळून बघवेना.

"आता वळण सांगायचं नाही, पोरी."

"मग मी काय करू?" तिने विचारलं. तिचं खरंच एक काम गेलं होतं.

"मी ओढताना दिसलो तर सांगायचं. आप्पांना, आईला, डॉक्टरबाईंना, कुणालाही. मी नको म्हटलं तरी सांगायचं. हे काम."

तिने विचार केला. "काथ्यालापण?"

"काथ्यालापण."

"काथ्याला तुम्हीच सांगा," भिंगरी म्हणाली. "त्याला वाटत असेल, त्याच्यामुळे झालं."

डॉक्टरबाईंनी मांजराचं सहा महिन्यांनी बघू म्हटलं होतं; तोवर जवळ जायचं नाही. म्हणून रविवारी सकाळी भिंगरी त्या बैठ्या घराच्या फाटकाबाहेर उभी राहिली आणि सीटवाला एकटा अंगणात गेला. काथ्या धुणं वाळत घातलेल्या दोरीखाली उन्हात पसरला होता. बायकोची मैत्रीण, तिचा नवरा, तिची सासू, सगळे दारात आले. शेजारची एक बाई चादर झटकताना थांबली. सीटवाला बोक्यासमोर उकिडवा बसला. कानांपर्यंत तापला होता. घसा साफ केला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांगा, बाबा," फाटकातून भिंगरी म्हणाली. "इकडे ऐकू येत नाही."

तो उभा राहिला. मोकळ्या आवाजात, त्या सगळ्यांसमोर, त्याने सांगितलं, "तुझी चूक नव्हती, काथ्या. सिगारेट मी ओढत होतो. हिच्यासमोर, गाडीत. आणि नाव तुझं सांगितलं."